रात्रीचे छायाचित्र आणि काळी जमीन

रात्रीची छायाचित्रे रेखीव येत नाहीत अशी तक्रार घेऊन येणारे हौशी लोक बहुधा प्रथम भिंगाची किंमत विचारतात. आणि मी जेव्हा उलट विचारतो की ट्रायपॉड कुठे उभा केला होता, बागायतात की जिरायत माळावर, कालव्याच्या भरावावर की उजनीच्या गाळात, तेव्हा हा गृहस्थ विषयांतर करतो आहे असा भाव त्यांच्या मुद्रेवर उमटतो. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत रात्री कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याने आधी सातबाऱ्याचा उतारा वाचल्यासारखी जमीन वाचावी आणि मग सवडीने भिंगाकडे वळावे, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे.

नीरा डाव्या कालव्याखालची ही काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाणी मिळाले की फुगते, आणि दोन्ही अवस्थांत अंगावर ठेवलेले ओझे एकदम न झेलता हळूहळू आत घेते. ट्रायपॉडचे तीन पाय डोळ्यांना निश्चल दिसत असतात, शटर उघडून मिनिटभर झालेले असते, आणि तेवढ्यात एका पायाखालचे ढेकूळ केसभर दबते. त्या केसभर फरकाने दूरच्या दिव्यांच्या जागी दुहेरी ठिपके दाखल होतात. यावर माझा शिरस्ता असा की पिशवीत शहाबादी फरशीचे तीन तुकडे बाळगावेत, ते पायांखाली दाबून बसवावेत, मधला दांडा वर काढू नये, वाऱ्यावर फडफडणारा कॅमेऱ्याचा पट्टा सोडून ठेवावा, आणि चौकट जुळवण्याचे काम रेंगाळत करावे, म्हणजे जमिनीला काय दबायचे ते तेवढ्या अवधीत दबून जाते. भरावाचा मुरूम याहून पुष्कळ बरा. मात्र तिथे रात्रपाळीची वीज आली की काठावरच्या मोटारी एका दमात सुरू होतात, आणि त्यांची थरथर जमिनीतून पायांत आणि पायांतून भिंगात चढते. मोटार चालू असेल तर जागा बदलावी. दुसरी तजवीज नाही.

थरथरीचेही प्रकार आहेत आणि त्यांचा भेद समजून घेतल्यावाचून उपाय लागू पडत नाही. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात तो आरसा उडताना, किंवा बोटाने कळ दाबताना जो हादरा बसतो तो क्षणार्धात विरतो. वीस सेकंदांच्या चौकटीत त्याचा वाटा इतका अल्प असतो की अंधारातील भिंतीवर तो उमटतच नाही, मात्र विजेच्या दिव्यासारखा प्रखर बिंदू तेवढ्या क्षणातही आपली शेपटी काढून मोकळा होतो. म्हणून खरा धोका मध्यरात्रीपेक्षा तिन्हीसांजेला अधिक, कारण त्या वेळी चौकटीचा अवधी एक पंधरांश सेकंदापासून एक सेकंदापर्यंत असतो आणि हादऱ्याचा वाटा त्यात मोठा पडतो. दोन सेकंदांचा टायमर लावणे हा सर्वज्ञात उपाय झाला. मला स्वतःला जुन्या स्टुडिओवाल्यांची रीत अधिक प्रिय आहे. भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून शटर उघडावे, हादरा विरू द्यावा आणि मग पुठ्ठा अलगद दूर करावा.

ही निश्चलतेची चिंता आपल्या मुलखाला नवी नाही. इंदापूरच्या ईशान्येस, भीमेपलीकडे, करमाळा तालुक्यात पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर नावाचे स्टेशन आहे. 22 जानेवारी 1898 रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्ताने तिथे पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला यांनी आपला तळ दिला होता, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथेच उतरले होते. एवढे अवजड धूड सूर्यामागे फिरवणे अशक्य, म्हणून भिंग एका जागी स्थिर ठेवून छायाचित्राची काच तेवढी घड्याळाच्या यंत्राने सरकवण्याची योजना होती; शिवाय भिंगाचा आधार आणि बाहेरच्या नळीचा आधार एकमेकांपासून अलग ठेवलेले, हेतू हा की वाऱ्याने नळी हलली तरी भिंगापर्यंत ते हलणे पोचू नये. खग्रास अवस्था अवघी सुमारे दोन मिनिटांची आणि तिच्यासाठी समुद्रापलीकडून आणलेला हा सारा सरंजाम! पिशवीतल्या तीन फरश्यांचा संकोच मला त्यामुळे वाटत नाही.

आता उजेडाचा हिशेब. पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतके क्षीण असते. उन्हात आयएसओ 100 आणि एफ/16 ठेवून सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तोच हिशेब चांदण्याला लावला तर एफ/4 छिद्र आणि आयएसओ 1600 यांवर पंधरा-सोळा सेकंद लागतात. हा आकडा सोयीचा आहे, कारण पृथ्वी फिरते म्हणून तारे दर सेकंदाला पंधरा विकला सरकतात आणि 24 मिलिमीटरच्या भिंगाने वीस सेकंदांपलीकडे गेले की ते ठिपके न राहता रेघा होतात. (हल्लीच्या दाट सेन्सरांना वीसही जास्त होतात, मी दहावर थांबतो आणि उणे राहिलेला उजेड आयएसओ वाढवून भरून काढतो.) उत्तरेकडे तोंड केले तर थोडी सवलत मिळते, ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर आणि त्याच्या आसपासचे तारे मंदगती.

फोकसबद्दल फारसे बोलण्याजोगे नाही. भिंगावर कोरलेल्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ठळक तारा किंवा लांबचा दिवा पडद्यावर दहापट मोठा करून तो लहानात लहान होईतो हाताने कडे फिरवावे, ऑटोफोकस बंद करावा आणि कड्यावर चिकटपट्टी लावावी. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला जलाशयाकाठी पहाटे दव पडते; भिंग अधूनमधून तपासावे.

ऊस मात्र कोणत्याही उपायाने रेखीव येत नाही. पाचट वाऱ्याच्या झुळकेनेही हलते, आणि गाळप हंगामात भवानीनगरकडे किंवा माळेगावकडे तोंड करून कारखान्याचे धुराडे, त्यावरची वाफ आणि पुढचा फड एका चौकटीत घेणाऱ्याने आधीच मुक्रर करावे की धुराडे तेवढे स्थिर, बाकीचे सारे वाहते. फडही स्थिर हवा असा हट्ट धरणाऱ्यांच्या छायाचित्रांत धुराडेसुद्धा धड नसते, हे मी वारंवार पाहिले आहे.

माझा लोभ सर्वांत अधिक आहे तो पळसदेवच्या पळसनाथावर. उजनीच्या पाण्यात गेलेले हे जुने देऊळ, धरणाचा साठा वर्तमानपत्रांतून ‘उणे’ टक्क्यांत छापून येऊ लागला की उन्हाळ्यात हळूहळू वर येते. तिथे मी अमावास्या टाळतो आणि शुक्ल अष्टमीच्या सुमाराची रात्र धरतो, कारण कललेला चंद्र दगडावर तिरपा प्रकाश टाकतो. अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी, म्हणून कमी आयएसओवर चार-चार मिनिटांच्या चौकटी घ्याव्या लागतात, आणि उष्म्याने सेन्सरवर उठणारे रंगीत ठिपके काढून टाकण्यासाठी कॅमेरा नंतर तेवढाच वेळ एक काळी चौकट घेत बसतो. अशाच एका खोळंब्यात होडीतून जाणाऱ्या मच्छीमाराने विचारले, “काय सायेब, कवाधरनं हुबं हाय, दिसत न्हाई व्हय?” मी काही बोलण्याच्या आत पुढची चौकट सुरू झाली होती, आणि त्याने मदत म्हणून आपल्या बॅटरीचा झोत देवळावर फिरवला. होडी डुलत होती, झोतही डुलत होता. पण दगड आणि कॅमेरा दोन्ही जागच्या जागी असल्याने रेखीवपणात काडीचाही फरक पडला नाही, आणि पाण्यालगत खालून, बाजूने गेलेल्या त्या प्रकाशाने खांबांवरचे कोरीव काम असे काही उठून आले की चंद्राच्या भरवशावर घेतलेल्या बाकीच्या चौकटी मी काढून टाकल्या आणि ती एक ठेवली.