घरचा पाथ

‘फेटल एरर : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये कोणी वाचलं नाही असं होणारच नाही! गंमत म्हणजे बऱ्याचदा ती फाइल मशीनवरच असते. फक्त कंपायलर तिथे बघायला गेलेला नसतो.

लिनक्सवर जीसीसीच्या शोधायच्या जागा ठरलेल्या असतात : त्याचं स्वतःचं फोल्डर, ‘/यूएसआर/लोकल/इन्क्लूड’, ‘/यूएसआर/इन्क्लूड’ वगैरे. हेडरचं नाव अँगल ब्रॅकेटमध्ये असेल तर तो आपलं फोल्डर सोडून या यादीकडे वळतो. डबल कोट्समध्ये असेल तर आधी आपल्या फाइलच्या फोल्डरमध्ये डोकावतो. यादीबाहेरची जागा दाखवायची तर ‘-आय’ लावून तिचा पत्ता द्यायचा. मग ती ठरलेल्या जागांच्या आधी बघितली जाते. कायमची हवी तर ‘सीपाथ’ एक्सपोर्ट करून ‘बॅशआरसी’त टाकायची. ‘-व्ही’ दिलं की सगळी यादी क्रमाने दिसते. पहिली फाइल सापडली की शोध संपला! म्हणून एकाच नावाच्या दोन फाइली असल्या, तर कधी नको ती उचलली जाते आणि एररही येत नाही.

हा क्रम शिकताना मला माझं डोकंच आठवलं. मी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीची. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, म्हणून रामनवमीच्या यात्रेला अनेक राज्यांतले बंजारा येतात. माझ्या घरी गोरबोली, गावात मराठी आणि शाळा कॉन्व्हेंट. शाळेने यादी लावून दिली : आधी इंग्रजी, मग मराठी, शेवटी गोरबोली. यात्रेत तेलंगणातल्या बायका बोलायला लागल्या की शब्द माझ्याकडे असतात, पण ते सापडेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असतात. ‘गोरमाटी’ म्हटलं की रूममेटला गोरी माती वाटते. आम्ही बंजारा तर स्वतःलाच गोरमाटी म्हणतो. नाव एकच, फाइल दुसरी, एरर नाही!

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, त्यात गोरबोली नाही. तिला स्वतंत्र लिपीही नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. म्हणजे ठरलेल्या जागी ती कुणालाच सापडायची नाही. तिचा पाथ आपणच द्यायला हवा.

सध्या मी याडीशी, म्हणजे आईशी, फोनवर गोरबोलीतच सुरुवात करते. अडलं तर पुढे मराठी आहेच, इंग्रजीही आहे. यादीतून काहीच काढावं लागत नाही. फक्त घर आधी लावायचं.