श्वानगाड्यांच्या वाटेवरील पहारा

वैशाखातल्या संध्याकाळी सुरसागराच्या काठी वाऱ्याची झुळूक शोधत बसणारी आम्ही बडोद्याची माणसे. थंडी म्हणजे पौषात पहाटे शाल पांघरावी लागते ती, यापलीकडे आमची कल्पना कधी गेली नव्हती. अशा आम्हां उभयतांवर उतारवयात अलास्कातील फेअरबँक्स या गावी सबंध हिवाळा काढण्याचा योग आला, तो लेकीमुळे. ती तेथील विद्यापीठात नोकरीस आहे. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा बर्च झाडांची पिवळी पाने गळून चालली होती. गावाबाहेरच्या कच्च्या वाटेवर, बर्फाचा मागमूस नसताना, दहा-बारा कुत्री एका जाड चाकांच्या उघड्या मोटारगाडीला ओढीत चाललेली आम्ही पाहिली. गाडी बिघडली असावी अशा समजुतीने आम्ही हळहळ व्यक्त केली, तेव्हा जावई हसून म्हणाले, "बाबा, बिघडलेली नाही. ही त्यांची तालीम आहे."

बर्फावरून घसरणारी लाकडी गाडी कुत्र्यांनी ओढावी, हे चित्र शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच पाहिलेले असते. त्या चित्रामागे वर्षभराचा उद्योग असतो, हे आम्हांस तेथे कळले. उन्हाळ्यात ही कुत्री पळवीत नाहीत. दाट केसांच्या या जनावराला आपल्यासारखा घाम येत नाही, आणि उष्म्यात पळविले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. हवा गार झाली की चाके असलेल्या गाडीला जुंपून थोड्या अंतरापासून आरंभ करावयाचा आणि बर्फ पडेपर्यंत हळूहळू अंतर वाढवीत न्यावयाचे. जावयांच्या घरी कुत्रे नाही, मांजरही नाही. तरीही तेथील श्वानगाडी मंडळाचे ते सभासद होते. आल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी त्यांनी आम्हांस मंडळाच्या सभागृहात नेले. "नुसते बसा, कॉफी घ्या," असे सांगून नेले आणि अर्ध्या तासात आमच्या हाती झाडू आला.

त्या दिवशी वाटा साफ करण्याचे काम होते. उन्हाळ्यात वादळाने पडलेली झाडे करवतीने कापावयाची, वाटेवर आलेली विलोची झुडपे छाटावयाची, खुणांचे खांब मोजावयाचे. फळ्यावर कामांची यादी होती आणि प्रत्येक कामापुढे नावासाठी रिकामी जागा. ती जागा पाहून आम्हांस घरची आठवण झाली. आम्ही स्वतः एका मराठी मंडळाचे चिटणीसपद एकवीस वर्षे सांभाळले आहे. नाटकात भूमिका करण्यास माणसे मिळतात, पण प्रयोग संपल्यावर सतरंज्या उचलण्यास मिळत नाहीत. आम्ही निघालो तेव्हा आमच्या मंडळाच्या कपाटाची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून आलो होतो, कारण ती मागून घेणारा सभासद कोणी पुढे आला नव्हता. फेअरबँक्सच्या त्या फळ्यापुढे उभे राहिल्यावर सात समुद्रांपलीकडेही रिकाम्या जागा तशाच असतात, हे पाहून थोडे बरे वाटले आणि थोडे वाईटही.

या गावातील अलास्का डॉग मशर्स असोसिएशन ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. ती ज्या शर्यतीसाठी प्रसिद्ध आहे ती ओपन नॉर्थ अमेरिकन शर्यत तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणजे १९४६ची. कुत्र्यांच्या गाड्या तेथे करमणुकीसाठी मुळीच जन्मल्या नाहीत. १९२५ साली नोम या किनाऱ्यावरच्या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा फेअरबँक्सजवळच्या नेनाना स्थानकापासून ६७४ मैलांवर प्रतिविष पोहोचविले ते वीस जणांनी हाकलेल्या कुत्र्यांच्या पथकांनी, आळीपाळीने, साडेपाच दिवसांत. टपालही याच गाड्यांनी जात असे, आणि अखेरचा असा टपालमार्ग १९६३ साली बंद झाला. पुढे बर्फावर चालणारी मोटारसायकल खेडोपाडी पोहोचली आणि कुत्री निकामी ठरली. १९७२ साली सरकारने श्वानगाडीस राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. एखाद्या गोष्टीस असा मान मिळू लागला की ती रोजच्या व्यवहारातून गेली असे समजावे, असे आमचे निरीक्षण आहे. असो.

ऑक्टोबरात बर्फ पडले आणि मंडळातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोण ते आम्हांस कळले. एक निवृत्त सुतार यंत्राच्या मागे लोखंडी चौकट बांधून रात्री-रात्री वाटा दाबून सपाट करीत. भुसभुशीत बर्फात कुत्र्याचा पाय फसतो, खांदा दुखावतो. बर्फ पडताच दाबावे, मग ते गोठू द्यावे, मग त्यावर पुन्हा थर. असे केले तरच मार्चपर्यंत वाट टिकते. दिवसा हे काम करून चालत नाही, कारण वाट गोठण्यास वेळ हवा. त्यामुळे हा मनुष्य फारसा कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. त्यांना आम्ही विचारले की सर्वांत वाईट हिवाळा कोणता? ते म्हणाले, थंडीचा नव्हे, पावसाचा. २०२१ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी तेथे ऐन हिवाळ्यात पाऊस कोसळला आणि गावावर काचेसारखा थर बसला, तो वसंतापर्यंत हलला नाही. अलास्का उर्वरित जगाच्या दुपटीहून अधिक वेगाने तापत आहे. इडिटारॉड ही हजार मैलांची मोठी शर्यत दक्षिणेकडे बर्फ अपुरे म्हणून २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ अशी चार वेळा फेअरबँक्सहून सोडावी लागली. सुतारबाबा हे सारे सांगताना आकाशाकडे पाहत होते, जसा आपल्याकडे मृगात शेतकरी पाहतो. फरक इतकाच की त्यांना पाऊस नको होता.

डिसेंबरात सूर्य जेमतेम पावणेचार तास दिसतो, तोही क्षितिजाला घासून. मोटारीच्या यंत्राला रात्रभर विजेची ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी ती सुरू होत नाही. दोन रविवार थंडी फार म्हणून रद्द झाले. तो निर्णय सकाळी उठून एका वृद्ध बाईंना घ्यावा लागे. मंडळाच्या मुख्य वेळनोंदणीस त्या कित्येक वर्षे होत्या. शर्यत घेतली तर "कुत्री मारणार काय?" आणि रद्द केली तर "एवढ्याने घाबरता?" असे दोन्हीकडून दूरध्वनी येत. सौ.ची आणि त्यांची गट्टी जमली, ती भाषेपेक्षा विणकामावर. सौ.ने त्यांना आपला दोन सुयांचा टाका शिकविला आणि त्यांनी सौ.स उणे तीस अंशांत घड्याळ चालू कसे ठेवावे ते शिकविले. घड्याळ अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवावयाचे.

जानेवारीत रविवारच्या शर्यती सुरू झाल्या आणि आमची नेमणूक झाली ती एका तिठ्यावर. तेथे श्वानगाडीची वाट मोटाररस्ता ओलांडून जात असे. आमचे काम तीन प्रकारचे. रस्त्याच्या डांबरावर फावड्याने बर्फ पसरून ठेवावयाचे, म्हणजे गाडीच्या पट्ट्या घासत नाहीत. पथक दिसले की मोटारी थांबवावयाच्या. आणि ते गेले की क्रमांक वहीत लिहावयाचा. नारिंगी बंडी, हातात फलक, पायांत हत्तीच्या पायांएवढे बूट, अशा थाटात आमचे छायाचित्र बडोद्यास पाठविले, तेव्हा धाकट्या बंधूंचे उत्तर आले, "दादा, तुम्ही मांडवीच्या दरवाज्यावरील शिपाई शोभता."

आरंभरेषेवरील गोंगाट ज्याने ऐकला नाही त्यास त्याची कल्पना देणे अवघड आहे. जुंपलेली कुत्री भुंकतात, किंचाळतात, उभ्या उभ्या उड्या मारतात. एकेका जोडीला धरून ठेवण्यास माणूस लागतो आणि गाडी दोराने मागे बांधलेली असते. मोजणी शून्यावर आली की दोर सुटतो आणि त्या क्षणी सर्व आवाज बंद होतो. आमच्या तिठ्यावर ती पथके येत ती निःशब्द, केवळ श्वासाचा आणि पट्ट्यांच्या घसरण्याचा आवाज करीत, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. बैलगाडीवाल्याच्या हाती निदान कासरा असतो. येथे हाकणाऱ्याच्या हाती लगाम नाही, चाबूक नाही. उजवीकडे "जी", डावीकडे "हॉ", एवढे शब्द, आणि ते ऐकून वळणारी म्होरकी कुत्री. सगळा भार त्या दोन कानांवर. कुत्री तरी केवढी? वीस-पंचवीस किलोंची, लांब पायांची, मिश्र रक्ताची. चित्रातील निळ्या डोळ्यांची झुबकेदार कुत्री आम्हांस शर्यतीत क्वचितच दिसली.

तिसऱ्या रविवारी आमच्या हातून चूक झाली. हातमोजा काढून वहीत आकडा लिहिता लिहिता पेन्सिल बर्फात पडली, ती शोधण्यास आम्ही वाकलो, आणि डोके वर केले तेव्हा दहा कुत्र्यांचे पथक वळणावर होते आणि दुसऱ्या बाजूने एक मालमोटार. फलक उचलण्यास वेळ नव्हता. सौ. रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. मालमोटार घसरत, तिरपी होत, चार हातांवर थांबली. पथक निघून गेले; हाकणाऱ्या मुलीने मागे वळूनही पाहिले नाही, कारण तिला काही कळलेच नव्हते. आम्ही त्यानंतर कितीतरी वेळ एकमेकांशी बोललो नाही. संध्याकाळी वृद्ध बाईंस सर्व सांगितले आणि उद्यापासून आम्हांस या कामावर ठेवू नका, असेही म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढील रविवारच्या फळ्यावर त्याच तिठ्यापुढे आमची नावे लिहिली. खाली एक सूचना वाढविली: पेन्सिल दोऱ्याने वहीस बांधावी.

या खेळात मुक्या जनावरांचा छळ होतो काय, असे वाचक विचारतीलच. शर्यतीच्या वेळी तरी तसे दिसत नाही. थकलेल्या वा लंगड्या कुत्र्यास गाडीतच पिशवीत बसवून परत आणावे लागते. वाटेत सोडून येण्यास सक्त मनाई. पण एका घरामागे तीस कुत्री आपापल्या खोक्याशेजारी साखळीने बांधलेली आम्ही पाहिली, आणि ती तंदुरुस्त, खेळकर असूनही आमच्या मनातील सल पूर्ण गेला असे म्हणणार नाही. त्या घरच्या माणसाने मोठ्या पिंपात मांस, चरबी व भात शिजत ठेवला होता. पूर्वी युकॉन नदीचा वाळविलेला सामन मासा हेच मुख्य अन्न होते, परंतु २०२१ साली मासा इतका घटला की नदीवरील लोकांना घरच्यापुरती मासेमारीही बंद करावी लागली. तेव्हा दूरच्या गावांतील कित्येकांना कुत्री पोसणे जड झाले. ह्यूस्लिया गावच्या जॉर्ज अ‍ॅटला यांनी, लहानपणीच्या क्षयाने एक गुडघा आखडलेला असतानाही, ओपन नॉर्थ अमेरिकन आठ वेळा जिंकली. त्यांनीच २०१२च्या सुमारास आपल्या दिवंगत मुलाच्या नावे शाळेतील मुलांसाठी श्वानगाडीचा वर्ग चालू केला. २०१५ साली ते वारले.

मार्चच्या मध्यानंतर ती मोठी शर्यत झाली. तीन दिवस; पहिले दोन दिवस वीस मैलांच्या आसपास आणि तिसऱ्या दिवशी तीसच्या जवळ. पहिल्या दिवशी आणलेल्या कुत्र्यांतून कमी करता येतात, नवे घेता येत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी कोणाची दहा, तर कोणाची चौदा उरतात. रॉक्सी राइट या बाईंनी २०१७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ही शर्यत जिंकली होती हे ऐकल्यावर सौ.नी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती आम्ही अद्याप विसरलो नाही. निकालाबद्दल मात्र आम्ही फारसे सांगू शकणार नाही. तिन्ही दिवस आम्ही तिठ्यावर होतो.

परतीच्या प्रवासास चार दिवस उरले असता शेवटचे काम निघाले. बर्फ वितळण्यापूर्वी खुणांचे खांब उपटून आणावयाचे, नाहीतर चिखलात जातात. पाच माणसे आली: सुतारबाबा, आम्ही उभयता, जावई, आणि ज्या मुलीस त्या दिवशी काही कळले नव्हते ती चौदा वर्षांची मुलगी. वृद्ध बाई सभागृहात शेगडीपाशी वही घेऊन बसल्या होत्या. पुढील वर्षापासून वेळनोंदणीस आपण नसू, असे त्यांनी महिन्यापूर्वीच सांगितले होते आणि फळ्यावरील ती जागा तेव्हापासून कोरी होती. खांब मोजले. दोनशे चौदा हवे होते, दोनशे बारा भरले. "राहू द्या," बाई म्हणाल्या, "दोनच आहेत." त्या मुलीने वही आपल्याकडे वळवून घेतली, कोणत्या वळणाचे कमी आहेत ते बोटाने शोधले, टोपी घातली आणि बाहेर जाऊन कुत्री जुंपू लागली. बाईंनी सौ.कडे पाहिले, घड्याळ छातीशी धरून वेळ लिहिली, आणि आम्ही पुन्हा कॉफी ठेवली.