नांदरुक

पहिल्या दिवशी सात पानं पडली, दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये आले तर टीपॉयवर, सतरंजीवर, टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा पानं. पिवळी पडून गळालेली असती तर एक वेळ समजलं असतं. यातली निम्मी हिरवीगार होती, देठासकट. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मी कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी रोजचा आकडा लिहायला लागले.

झाड आणून जेमतेम आठवडा झाला होता. डिसेंबरातला शेवटचा रविवार, सोलापूर रस्त्यावरची एक रोपवाटिका. उथळ चिनी मातीचं भांडं, त्यात मांडी घालून बसल्यासारखी फुगीर मुळं आणि वर चकचकीत पानांचा झुबका. पाटीवर लिहिलं होतं ‘फायकस जिनसेंग’. किंमत अठराशे रुपये.

आणलं होतं मुलासाठी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला हॉस्टेलवरून घरी आला तो परत गेलाच नाही. का, म्हणून विचारलं की ‘नाही जमत’ एवढंच उत्तर. दिवसभर खोलीत पडून असायचा. कुणीतरी सुचवलं, त्याला काहीतरी सांभाळायला द्या. कुत्रं आणावं तर ह्यांना केसांची अ‍ॅलर्जी. म्हणून बॉन्साय. त्याने ते पाहिलं, ‘छान आहे’ म्हणाला आणि खोलीत निघून गेला. म्हणजे सांभाळायचं काम माझ्याकडेच आलं.

मी ते मन लावून केलं. पानं गळतात म्हणजे पाणी कमी पडतंय, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. मग वाटलं ऊन कमी पडतंय, म्हणून बाल्कनीत. रात्री गारठा, म्हणून आत. हॉलमध्ये पंखा लागतो, म्हणून स्वयंपाकघरात. तिथे फोडणीचा धूर, म्हणून पुन्हा खिडकीत. एका शेजारणीने पातळ खताची बाटली दिली, तेही दोन झाकणं घातलं. त्याच दिवसांत मुलाच्या खोलीचं दारही मी तासातासाला उघडत होते. जेवलास का? डोकं दुखतंय का? डिप्लोमाला जातोस का? मावशीशी बोलून बघतोस का? डॉक्टरांची वेळ घेऊ का? तो भिंतीकडे वळायचा. मी दार लावायची आणि झाडाकडे वळायची.

वीस जानेवारीला झाडावर नऊ पानं उरली. मी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने रोपवाटिकेत गेले.

तिथल्या माळीमामांनी एकही प्रश्न विचारला नाही. अंगठ्याच्या नखाने फांदीवर बारीक ओरखडा काढला. साल निघाली, आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला. ‘जिवंत आहे,’ ते म्हणाले. मग भांड्यावरचे शोभेचे दगड उचलायला गेले, तर ते सगळे डिंकाने एकमेकांना चिकटवलेले. कडेने एक कपचा उचकटून त्यांनी बोट आत घातलं. खाली चिखल होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. हे झाड इथे हिरव्या जाळीखाली वाढलं. इथल्या उजेडाच्या हिशोबाने त्याने पानं केली. तुमच्या घरात याच्या पाव हिस्साही उजेड नसेल. ती पानं तिथे काही कमावत नाहीत, नुसती खातात. म्हणून झाड ती टाकून देतं आणि तिथल्या उजेडाला पुरतील अशी नवी करतं. वारा येऊन पान तुटत नाही, ताई. देठाच्या बुडाशी झाडच पडदा धरतं आणि सोडून देतं. आता पाणी पितात ती पानं. पानंच नाहीत, तर एवढं पाणी पिणार कोण? ते मुळाशी साचतं आणि मूळ कुजतं.

‘मग औषध काय?’

‘उजेडाची एक जागा बघा आणि तिथून हलवू नका. दोन पेरं बोट घालून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी. घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. नवी पानं येईपर्यंत खत नाही. मूळ सडकं नाही, तेव्हा कुंडीही बदलायची नाही.’

‘आणि?’

‘आणि काही नाही.’

निघताना सहज विचारलं, हे जिनसेंग म्हणजे कुठलं झाड? ते हसले. ‘आपलं नांदरुक. रस्त्याच्या कडेला असतं ते. बी लावून मूळ जाडजूड होऊ देतात, मग ते मातीच्या वर काढतात, शेंडा छाटून बारीक पानांचं कलम बांधतात. मूळ त्या जिनसेंगच्या मुळीसारखं दिसतं, म्हणून नाव तसं.’

रिक्षात मी तो शब्द मनात घोळवत राहिले. नांदरुक. व्युत्पत्ती काय असेल ती असो, माझ्या कानाला त्यात नांदणंच ऐकू आलं. मी नांदायला आले तेव्हा पहिले दोन महिने घास गिळत नव्हता. येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारायची, करमतं का गं? सासूबाई एकदा त्यांच्यावर करवादल्या होत्या, ‘तिला जरा बसू द्याल की नाही?’ त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं पुढचं पुष्कळ काही सोसलं.

संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी दगड उचकटायला बसले. जमत नव्हतं. आवाजाने मुलगा बाहेर आला, थोडा वेळ उभा राहिला, मग हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. अर्धा तास तो एकेक दगड सोडवत होता. माझ्या तोंडाशी पाच प्रश्न आले होते. मी उठून चहा टाकला.

घरात सगळ्यात जास्त उजेड त्याच्याच खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी. झाड तिथे गेलं. मला रोज आत जायला कारण मिळालं, हेही कबूल करते. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘पाण्याचं मी बघेन. तू रोज नको येऊस.’ लागलं मला ते. पण गेले नाही. कालनिर्णयाच्या चौकटी रिकाम्या राहायला लागल्या. फेब्रुवारी तसाच गेला. सोसायटीच्या फाटकाजवळचा पिंपळ झडून खराटा झाला, त्याची मात्र कुणाला काळजी वाटली नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका रात्री त्याने हाक मारली. फांद्यांच्या टोकांना सुईसारख्या हिरव्या कळ्या धरल्या होत्या. एक कळी उलगडत होती, आत पान गुंडाळलेलं. ‘ही फांदी गेली,’ डावीकडची दाखवत तो म्हणाला, ‘नखाने बघितलं, आत तपकिरी आहे. बाकीच्या आहेत.’ मग झाडाकडेच बघत त्याने सांगितलं, की ऑगस्टपासून तो वर्गात गेलाच नव्हता. रात्र रात्र झोप लागायची नाही. घरी फोन करताना मुद्दाम कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचा, मागे आवाज असावेत म्हणून. मला ते आवाज आठवले. मुलगा मित्रांत रमलाय, असं मी ह्यांना सांगितलं होतं.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच घेतली. कॉलेजचं काय, ते अजून ठरलेलं नाही. हे वर्ष गेलंच. पुढच्याबद्दल तो बोलत नाही आणि मी जीभ चावून बसते. रोज जमतंच असं नाही.

नवी पानं पूर्वीसारखी नाहीत. थोडी मोठी, पातळ, रंगाने गडद. वाळलेल्या फांदीच्या जागी खिंडार आहे, झुबका एका अंगाला कलल्यासारखा दिसतो. अठराशे रुपयांना आता कुणी घेणार नाही.

परवा तो बाहेर गेला असताना मी खोलीत गेले. बोट घालून पाहिलं, दोन पेरं कोरडं. तांब्या भरून आणला, जरा वेळ हातात धरून उभी राहिले आणि पाणी बेसिनमध्ये ओतून टाकलं. बोटाची माती धुतली.

रात्री दहाच्या सुमाराला त्याच्या खोलीतून ताटली उचलल्याचा आवाज आला, मग बेसिनचा नळ.