हार्लेमचा सूचनाफलक

न्यूयॉर्कला गेलो तेव्हा बाबासाहेब १९१३ साली जिथे शिकायला आले ते कोलंबिया विद्यापीठ आम्ही डोळे भरून पाहिले. मग मॉर्निंगसाइड बागेच्या पायऱ्या उतरून हार्लेममध्ये, काळ्या बांधवांच्या वस्तीत गेलो. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते ड्यू बॉइस याच समाजाचे पुढारी.

एका चर्चच्या सूचनाफलकापाशी पाय थबकले. मतदार नोंदणी, रक्तदाब तपासणी, भाडेकरूंची सभा. आपल्या विहारातलाच फळा म्हणा ना! १९ जूनचा कार्यक्रमही होताच. गुलामी संपल्याची खबर टेक्सासात पोचली ती १८६५ साली याच दिवशी; देशाने सुट्टी दिली मात्र २०२१ साली! सप्टेंबरात मोठी मिरवणूक, १९६९ पासूनची.

कम्युनिटी बोर्डाच्या सभेत कुणाही रहिवाशाला बोलता येते. सभासदांना पगार नाही, बोर्डाला सल्ल्यापलीकडे अधिकारही नाही. तरी माणसे येतात, कारण भाडी वाढून जुनी कुटुंबे वस्तीबाहेर फेकली जात आहेत.

फलक वाचणाऱ्या एका आजींनी आमच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवून विचारले, "हे कोण?" आम्ही सांगितले. त्यांनी पिशवीतून पेन काढले आणि नाव लिहून घेतले.