औजारांना घर

"नाना, शेड बांधायची म्हणतो. तुम्ही एकदा येऊन जा." पुतण्याचा फोन आला तेव्हा २०२३ ची आखाजी आठ दिवसांवर होती. मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. शेडमधलं मला काय कळतं? पण आमच्या घरात बाप-लेकाचं बिनसलं की मला बोलावणं येतं. त्यामुळे धुळ्याहून अमळनेरच्या एस.टी.त बसलो तेव्हाच ओळखलं होतं, की प्रश्न नुसता पत्र्यांचा नसणार.

आमची शेती बोरी नदीच्या अंगाला. काळी, कपाशीची जमीन. धाकटा भाऊ आणि त्याचा मुलगा ती पाहतात. भावाला आम्ही सगळे आप्पाच म्हणतो. घरात ट्रॅक्टर आहे. त्याच्यामागे लावायला पलटी नांगर, नऊ फणी कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, सऱ्या पाडायचा रिजर आणि ट्रॉली. शिवाय एक बैलजोडी. ट्रॅक्टर घराला लागून पत्र्याखाली उभा राहायचा, बैल गोठ्यात, आणि बाकी सगळी औजारं निंबाच्या झाडाखाली उघड्यावर.

गेल्या गेल्या पुतण्यानं मला रोटाव्हेटर दाखवला. २०१९ साली घेतलेला, लाखाच्या वर किंमत. थोडं अनुदान मिळालं, बाकी कर्ज. चार पावसाळे त्यानं झाडाखाली काढले होते. पात्यांच्या मुळाशी माती तशीच वाळून बसली होती आणि खरवडली की खालून गंजाचे पापुद्रे निघत होते. आदल्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर त्याचं बेअरिंग गेलं. दुसऱ्याचा रोटाव्हेटर भाड्यानं आणावा लागला. म्हणजे हप्ता आपल्या यंत्राचा भरायचा आणि भाडं दुसऱ्याच्या यंत्राचं द्यायचं! "नाना, हप्ते संपायच्या आत लोखंड संपेल," पुतण्या म्हणाला. त्याला हसायला येत नव्हतं.

मला आमचे वडील आठवले. त्यांची सगळी औजारं लाकडाची, पण एकही जमिनीवर पडलेलं नसायचं. तिफण आढ्याला टांगलेली, कारण जमिनीला टेकली की उधई लागते. वखराची पास काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून कोनाड्यात. जू भिंतीच्या खुंटीवर. आम्ही मुलांनी जागा बदलली तर मार बसायचा.

गंमत पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते, असं सांगतात. ती भीती गेली, आणि मग आपण उलट्या टोकाला गेलो. लोखंडाला काय होतंय, असं म्हणून ते उन्हापावसात सोडून दिलं. लाकडाचा शत्रू उधई, हे माझ्या निरक्षर आजीलाही ठाऊक होतं. लोखंडाचा शत्रू ओली माती आणि खत. पेरणी यंत्राच्या पेटीत युरियाचे चार दाणे राहिले तरी ते हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा खातात. पण ही गोष्ट आमच्या घरात रुजलीच नव्हती. अनुदान, कर्ज, यंत्र सगळं आलं. यंत्र ठेवायची रीत मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

असो. तर आता वादाचा मुद्दा. पुतण्याला शेड हवी होती गोठ्याच्या जागेवर. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभा केलेला खांब दोन वर्षांत कलतो. म्हणून खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो. आमच्या शेतात मुरूम आठ-नऊ फुटांवर आहे, गोठ्याखाली मात्र दोन फुटांवरच. जागा उंच, पाणी साचत नाही, रस्त्याला लागून. वेल्डिंगवाल्यानंही तीच जागा सुचवली होती. आप्पा यावर काहीच बोलत नव्हता. जेवायला बसला तरी पोराकडे पाहत नव्हता.

पुतण्यानं कागदावर नकाशा काढला होता. २० फूट रुंद, ५० फूट लांब, अरुंद बाजूला एक मोठं दार. मला तो शाळेच्या हॉलसारखा वाटला. मी म्हटलं, "कागदावर सगळंच बसतं. आपण हे जमिनीवर आखून पाहू." शाळेत खेळांच्या दिवसांत मैदानावर मारायचो तशी फक्की अमळनेरहून आणली. गोठ्यासमोर खळ्याची मोकळी जागा आहे. तिथे दोरी धरून खऱ्या मापाची शेड आखली. मग एकेक औजार टेपनं मोजून त्याचा चौकोन आत काढला आणि पुतण्याला सांगितलं, "आता ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोड आणि रेषा न पुसता आत नेऊन ठेव."

त्यानं तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा फक्की पुसली गेली. आत शिरता येत होतं, पण वळता येत नव्हतं. आणि सगळ्यात मागचा नांगर काढायचा तर पुढची चार औजारं आधी बाहेर काढायची! असं असलं की माणूस महिनाभर आत ठेवतो आणि मग कंटाळून पुन्हा झाडाखाली सोडतो.

ट्रॅक्टरच्या मागे जे तीन दुवे असतात, ज्यांच्यावर औजार जोडतात, उचलतात आणि सोडतात, ती रचना हॅरी फर्ग्युसन यांनी रुजवली. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली आणि पुढे जगभर पसरली. मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. तिची सोय अशी, की एक माणूस ट्रॅक्टर सरळ मागे नेतो, औजार टेकवतो, पिना काढतो आणि निघून जातो. म्हणजे शेडनं औजाराला सरळ मागे जायला वाट दिली पाहिजे. मग आम्ही दार फिरवलं. अरुंद बाजू बंद, लांब बाजू पूर्ण उघडी. दहा-दहा फुटांवर खांब, दोन खांबांमध्ये एक खण, ज्याचं औजार त्याच्या खणात. पावसाची झड आपल्याकडे नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येते, म्हणून पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला. पुन्हा फक्की मारली. या वेळी पुतण्या पहिल्या फटक्यात रोटाव्हेटर ठेवून बाहेर आला.

आम्ही दोघं खुशीत होतो. आप्पा इतका वेळ ओट्यावर बसून पाहत होता. तो उठला, पांढऱ्या रेषा ओलांडत पाचही खण फिरला. प्रत्येक चौकोनापाशी थांबून "हाई काय शे?" विचारायचा. नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ट्रॅक्टर, ट्रॉली. शेवटी म्हणाला, "अन् बैलेस्नी जागा कोठे शे?"

कोणी आखलीच नव्हती. पुतण्यानं नाही, आणि इतकी वर्षं हजेरी घेतलेल्या मीही नाही. गोठा पाडायचा हे धरून चाललो होतो आणि गोठ्यात कोण राहतं हे विसरलो होतो.

त्या रात्री घरात मोठा वाद झाला. तो सगळा इथे लिहीत नाही. पुतण्याचं म्हणणं, जोडीचा कडबा, ढेप, सालदाराची मजुरी धरली तर बैल परवडत नाहीत. आप्पाचं म्हणणं, कपाशी गुडघ्याच्या वर गेली की तुझा ट्रॅक्टर तिच्यात शिरत नाही, तेव्हा कोळपं कोण ओढतं? गावात आता भाड्यानं जोडी मिळत नाही, आणि मिळाली तर सांगतील तो भाव द्यावा लागतो. पुतण्या गप्प झाला, कारण हे त्यालाही माहीत होतं. पण तो जे बोलला ते मला लागलं. "आप्पा, तुम्ही बैलांना मुलासारखं सांभाळलं. मी कर्ज काढून जे आणलं त्याला तुम्ही चार वर्षांत एकदा हात लावला नाही." आप्पा म्हणाला, "मले कोनी सांगंच नही, त्याले काय लागस ते."

दोघंही खरं बोलत होते.

मी सुचवलं, एकाच छपराखाली एका टोकाला बैल बांधू. वेल्डिंगवाल्यानं ते सकाळी मोडीत काढलं. शेण-मुताच्या वाफेनं लोखंड आणि पत्रे लवकर गंजतात. शिवाय कडबा म्हटला की उंदीर आले, आणि ते आधी ट्रॅक्टरच्या वायरी कुरतडतात. कडब्याशेजारी डिझेल आणि वेल्डिंगची ठिणगी, तो धोका निराळाच. शेवटी गोठा जिथे होता तिथेच ठेवला आणि शेड त्याच्या उत्तरेला सरकवली. तिथे मुरूम चार फुटांवर लागला. खड्डे खोल गेले, काँक्रीट वाढलं. तो खर्च भरून काढायला पाचाचे चार खण केले. ट्रॉली बाहेर ताडपत्रीखाली.

तुमच्यापैकी ज्यांची गावी शेती आहे त्यांच्यासाठी बाकीचा तपशील थोडक्यात देतो.

पुढच्या बाजूची मोकळी उंची १२ फूट ठेवली. आज ट्रॅक्टरला ८ पुरतात, पण पुढचं यंत्र किती उंच असेल सांगता येत नाही. जोतं दीड फूट, पुढे लांब सपाट उतार. काँक्रीट फक्त ट्रॅक्टरच्या खणात, बाकी दाबलेला मुरूम. औजारं थेट जमिनीवर न टेकवता जाड लाकडी ओंडक्यांवर. वर्षातून एकदा लागणारं पेरणी यंत्र मागे, कल्टिव्हेटर पुढे. एक बाजू उघडी असलेली शेड वादळात छत्रीसारखी उलटते, हे लक्षात घ्यावं. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तोच वारा आपल्या पत्र्याखालीही शिरतो. म्हणून खांब काँक्रीटमध्ये बोल्टांनी आवळले, कडेच्या पत्र्यांना स्क्रू जास्त मारले आणि मागच्या भिंतीला वर फूटभर फट ठेवली. जड वजन उचलायची चेनकुप्पी छपराच्या सळईला न टांगता दोन खांबांवर वेगळी तुळई टाकून तिला टांगली.

आतल्या मांडणीत माझी मास्तरकी थोडी चालली. भिंतीवर फळी ठोकली आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवली. पाना जागेवर नसला की रिकामं चित्र लांबून दिसतं. जादा पिना, बोल्ट, ग्रीस गन, जुन्या काळ्या तेलाचा डबा आणि ब्रश. वाळूच्या दोन बादल्या. डिझेल आणि खत तिथे ठेवायचं नाही. आणि दोरीनं बांधलेली एक वही. औजार कोणी नेलं, कधी आणलं, धुतलं का, ग्रीस केव्हा दिलं. गावात औजार मागायला येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, पण सही घेता येते.

ती वही आता आप्पाकडे आहे. रोटाव्हेटर परत आला की आधी पाण्यानं धुवायचा, वाळवायचा, पात्यांना तेल लावायचं आणि मगच ओंडक्यावर, हे तो सालदाराकडून करून घेतो. पुतण्यानं त्याला एकदा बसून सगळं समजावून सांगितलं होतं. तेवढंच राहिलं होतं.

शेड होऊन तीन पावसाळे झाले. एका वादळात कडेचा एक पत्रा खडखडला, दुसऱ्या दिवशी आवळला. रोटाव्हेटरचं बेअरिंग पुन्हा गेलेलं नाही. शेडचं कर्ज मात्र अजून फिटायचं आहे. जोडीतला एक बैल आता म्हातारा झालाय, नांगीला उशिरा उठतो. नवी जोडी घ्यायची की गोठा रिकामा करायचा, हा प्रश्न पुढच्या आखाजीला पुन्हा निघणार आहे, आणि मला फोन येणार आहे.

फक्कीची अर्धी गोणी शेडमध्येच ठेवली आहे. या वेळी आखताना पहिला चौकोन कोणाचा, ते आप्पालाच विचारीन म्हणतो.