द्राक्षाच्या पेटीतला टॅग

निर्यातीची द्राक्षं पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंग होऊन शून्य अंशाच्या आसपासच्या कंटेनरमध्ये चढतात आणि काही आठवड्यांनी रॉटरडॅमला उतरतात. माल खराब निघाला तर दोष कुणाचा, यावर वाद होतो आणि पैसे कापले जातात ते बागायतदाराचे. म्हणून तापमान नोंदवणारा, एकदा वाचून टाकून देण्याइतका स्वस्त टॅग आम्ही करायला घेतला. वाचायचा साध्या फोनवर.

वाय-फाय लगेच बाद झालं. त्याला लागणारा करंट बटन सेलच्या आवाक्यातला नाही. ब्लूटूथ मात्र मला मनापासून हवं होतं, कारण ते स्वस्तातल्या फोनमध्येही असतं. टेबलावरचा टॅग खोलीच्या दुसऱ्या टोकालाही दिसायचा. तोच दिंडोरीला भरलेल्या पेटीत घडांच्या मधोमध खुपसला, आणि फोन दोन पावलं मागे घेतला की यादीतून गायब! द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. शिवाय पॅलेटवर पेट्यांची चळत असली की जे टॅग दिसतात, त्यातला कुठला कुठल्या पेटीतला, तेही कळेना.

मग एनएफसी लावून पाहिलं. फोन मशीनला टेकवून पैसे देतात, तेच तंत्र. १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकी क्षेत्राला पाण्याचा फारसा अडथळा होत नाही. टॅग पेटीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला, बाहेरून फोन टेकवला, आणि तापमानाचा आलेख समोर आला. टेकवाल तीच पेटी. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की वाचण्यापुरती वीज फोनच पुरवतो. थंडीत सेल वाटेतच संपला तरी तोवरची नोंद हाती लागते, आणि वादात बागायतदाराला तीच हवी असते.

पॅकहाउसमधल्या बायकांच्या फोनमध्ये एनएफसी नव्हतं. म्हणून टॅग सुरू करायला फोन लागूच नये, असं ठरवलं: पट्टी ओढली की नोंद सुरू. तिकडे पेटी उघडणाऱ्यांच्या फोनमध्ये एनएफसी होतं.

हाच टॅग आपल्याकडच्या मंडईसाठी करायचा झाला, तर मी आजही ब्लूटूथच घेईन आणि तो पेटीच्या बाहेरच्या अंगाला लावेन. पेटी उघडणाऱ्या हमालाच्या किंवा अडत्याच्या फोनमध्ये एनएफसी असेलच, असं धरून चालता येत नाही.