खोलण्याआधी

मिस्त्रीकाका बॉनेटला हात लावण्याआधी विचारतात, ‘कधी वाजतं? थंड असताना की तापल्यावर? चढाला की सिग्नलला?’ जुन्या पद्मिनीच्या मालकाला ही उत्तरं पाठ हवीत. आधीच्या गॅरेजवाल्याने घरघर ऐकताच ‘गिअरबॉक्स गेला, दुसरा बसवा’ असं सांगून टाकलं होतं. काकांनी गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दाबला की घरघर, सोडला की गप्प. म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग. याच्या उलट झालं असतं, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. गिअरबॉक्स दोन्हीकडे उतरवावाच लागतो, पण एकात तो न खोलता परत चढतो. बिलातला फरक तिथे आहे.

क्लच घसरतोय का? हँडब्रेक ओढा, टॉप गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर उत्तम. चालूच राहिलं तर प्लेट संपली. परळ टीटीच्या पुलावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र वाढत नाही, हेही तेच लक्षण. ही परीक्षा हौसेने घेत बसू नये, उरलीसुरली प्लेट त्यातच जळते.

रिव्हर्स टाकताना करकर झाली की लोक गिअरला शिव्या घालतात. बहुतेकदा क्लच पुरता सुटत नसतो.

पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. नव्या गाडीवर शिकलेला भाचा चालवायला बसला की हे आधी सांगावं लागतं.

गिअरची दांडी स्टिअरिंगला. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे. त्यांतले बुश झिजले की दांडी ढिली होते, गिअर मध्येच अडकतो. दहा मिनिटांचं काम, पण त्यावरून गिअरबॉक्स बदलायला निघालेले लोक आहेत.

टॉप सोडून बाकी सगळ्या गिअरला हुंकार येत असेल तर लेशाफ्टकडे बघायचं. टॉपमध्ये ताकद सरळ आरपार जाते, लेशाफ्टवर भार पडत नाही. हुंकार एकाच गिअरला असेल तर त्याच गिअरचे दात.

धूर. निळा म्हणजे ऑईल जळतंय. सकाळी चालू करताना भपकन येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून, चालताना सतत येत राहिला तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का, ते आधी बघा. पांढरा धूर तापल्यावरही थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

टॅपेट वाजतात म्हणून घाबरणारे फार. काकांना भीती असते ती अचानक गप्प झालेल्या टॅपेटची. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा त्यांनी हे बरंच पाहिलं. सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसतो, फट संपते, मग तो नीट मिटत नाही आणि जळतो.

शिवडीची खाडी फ्लेमिंगोंना मानवते, अर्थिंगच्या पट्टीला नाही. खाऱ्या हवेने तिच्या टोकांना गंज चढतो. सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबला की बॅटरी बदलण्याआधी ती टोकं घासावीत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या फडक्याने आतून पुसावी. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडली तर ओलं फडकं इंजिनाच्या पेट्रोल पंपावर. गाडीत फडकी दोन हवीत.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर पार्ट मिळणं अवघड आणि ते ओळखणारे हात मिळणं त्याहून अवघड. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या गाडीचे पार्ट आता कुर्ल्याच्याच भंगारात शोधायचे.

सध्याचं दुखणं: मिसिंग. इंजिन चालू ठेवून काकांनी प्लगच्या वायरी पकडीने एकेक काढल्या. तिसरी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही. प्लग बदलला, तेच. मग कॉम्प्रेशन मोजलं, तिसरा कमी. चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजलं. काटा चढला असता तर रिंगा, म्हणजे इंजिन खाली. चढला नाही. शेजारचे दोन्ही सिलिंडर ठीक, म्हणजे गॅस्केटही नाही. व्हॉल्व्ह. फक्त हेड काढायचं, सोमवारी.